साडूचा विमानतळ आणि आमच्या कुरडया

माझा साडू सुधीर विमानतळाचा व्यवस्थापक झाला, तेव्हा या व्यवहारात त्याला मिळणार काय आणि त्याचं जाणार काय, हे मी त्याच संध्याकाळी मनातल्या मनात मांडून पाहिलं. उभी हयात बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे कुणाचं भलं झालं की ते दोन रकाने पाडून बघितल्याशिवाय मला जेवण जात नाही. जमेच्या बाजूला आली दारावरची पितळी पाटी. डोक्यावर पिवळा दिवा फिरणारी पांढरी गाडी. कमरेला वॉकीटॉकी, ज्यातून कुणी काही बोलत नसलं तरी अधूनमधून खरखर होते आणि जवळ उभा असलेला माणूस उगीचच अदबीने वागू लागतो. लग्नकार्यात पहिली पंगत. आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरांत, 'येणे बाकी' म्हणून अण्णांची खुर्ची. खर्चाच्या बाजूला फक्त एकच गोष्ट होती, सकाळी लवकर उठणं. तेही त्याला आधीपासून येत होतं.

त्या रात्री मी ताटात भात टाकला.

इथे एक खुलासा करायला हवा. हा तो मोठा विमानतळ नव्हे. त्या मोठ्याचं नाव निघालं की सुधीरसुद्धा विषय बदलतो. हा पालिकेचा धाकटा. खाडीच्या कडेला एक आखूड धावपट्टी, एक पत्र्याची शेड, वारा कुठून येतोय ते दाखवणारी एक लाल-पांढरी पिशवी आणि भरपूर गवत. सकाळी उड्डाण क्लबचं एक छोटं विमान येतं, शिकाऊ पोरं घामाघूम होऊन उतरतात, चहा पितात आणि जातात. मग दिवसभर तिथे काही होत नाही. विमानतळ कुठल्या खात्याला जोडायचा यावर पालिकेत बराच खल झाला म्हणे. शेवटी गवत जास्त आहे या मुद्द्यावर तो उद्यान खात्याकडे गेला. आणि उद्यान खात्यात तेव्हा रिकामा कोण, तर तरण तलाव सांभाळणारा सुधीर. पोहण्यातून उडण्यात त्याची बढती झाली ती अशी. माणसाचं कर्तृत्व म्हणतात ते याला, हे मी आपलं जाता जाता नोंदवून ठेवतो.

आता अण्णांच्या खुर्चीबद्दल. अण्णा म्हणजे आमचे सासरे. सीबीडी बेलापूरला सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क होते. निवृत्त होताना कचेरीतल्या जुन्या सामानाचा लिलाव निघाला आणि ज्या साहेबाने त्यांना वर्षानुवर्षं उभं ठेवलं, त्याची वेताची, लांब हातांची खुर्ची अण्णांनी बोली लावून घरी आणली. स्वतः ते तिच्यात कधी बसत नाहीत. ती जावयासाठी. थोरल्या जावयासाठी, आणि थोरली मुलगी सरोजिनी माझी बायको असल्यामुळे, माझ्यासाठी. दसरा असो, दिवाळी असो, मी दारात चपला काढल्या की अण्णा खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचलत. हा सोहळा बघण्यासाठी मी कधीकधी चपला सावकाश काढत असे.

त्या अक्षय्य तृतीयेलाही मी चपला सावकाशच काढल्या. अण्णांनी वर्तमानपत्र उचललं. मी वळलो, गुडघे वाकवले, आणि तेवढ्यात अण्णा म्हणाले, "अरे, सुधीरराव! या, या. इथे बसा. विमानतळवाले आता तुम्ही."

मी अर्धा बसलो होतो. अर्धा बसलेला माणूस जेव्हा उठतो, तेव्हा त्याचं जे नुकसान होतं ते कुठल्याही ताळेबंदात दाखवता येत नाही. मी असं दाखवलं की मी मुळात वाकूनच उभा होतो आणि खाली पडलेलं काहीतरी शोधत होतो.

"काय शोधताय बंडोपंत?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही. सापडलं," मी म्हणालो आणि प्लास्टिकच्या स्टुलावर बसलो.

जेवताना सुधीर जो सुटला, तो सुटलाच. त्याचा स्वभाव वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तो चांगला आहे, आणि माझा खरा त्रास तोच आहे. "साडूभाऊ," तो मला म्हणाला, "तुम्हाला गंमत वाटेल, पण विमानतळावर सगळा खेळ रंगांचा आणि खुणांचा असतो. धावपट्टीवर काय पांढरं दिसतंय त्यावर वरचा पायलट ठरवतो, की..."

"जागृती, आमरस आहे का गं अजून?" मी माझ्या मेहुणीला, म्हणजे त्याच्या बायकोला विचारलं.

आमरस आला. सुधीरने पुन्हा धागा पकडला. "तर ती पांढरी खूण जर..."

"हापूस आहे की पायरी?" मी विचारलं.

"दोन्ही मिसळलेत भावोजी," जागृती म्हणाली.

"वाटलंच." मी यावर बोलत राहिलो, रस पातळ का होतो यावरही बोललो, आणि सुधीरचं ते पांढऱ्या खुणेचं वाक्य काही मी त्याला पुरं करू दिलं नाही. त्याने तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा त्याने नाद सोडला आणि माझ्या वाटीत तूप वाढलं. मला त्याचाही राग आला.

घरी परतताना सरोजिनी म्हणाली, "केवढं तोंड पाडून बसला होतात. खुर्चीच तर आहे."

"खुर्चीचा प्रश्नच नाही," मी म्हणालो. "प्रश्न तत्त्वाचा आहे."

"तत्त्व वेताचं आहे वाटतं," ती म्हणाली.

*

त्याच आठवड्यात पालिकेने विमानतळ सुधारणा नागरिक समितीसाठी अर्ज मागवले. मी अर्ज केला. मुदत संपली तेव्हा पेटीत एकच अर्ज निघाला, त्यामुळे मी बिनविरोध सचिव झालो. समितीत दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे कामकाजात एकवाक्यता होती.

कामोठ्याच्या आमच्या सोसायटीत ही बातमी पोचली आणि सल्ल्यांना ऊत आला. तळमजल्याच्या एका गृहस्थांनी धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना बाकडी टाका म्हणून सांगितलं, संध्याकाळी ज्येष्ठांना बसायला. दुसऱ्याने विचारलं, रात्री धावपट्टी रिकामीच असते तर गाड्या लावायला मिळेल का. एका बाईंनी हळूच सुचवलं की त्यांच्या भावाचा मंडपाचा धंदा आहे आणि एवढं मोठं लॉन लग्नाला मिळालं तर डीजेला शेजारीपाजारी कुणीच हरकत घेणार नाहीत. विमानांबद्दल एकानेही सूचना केली नाही. सोसायटीच्या लोकांचं हे एक बरं असतं, ज्या गोष्टीची ज्यासाठी निर्मिती झाली त्यात ते ढवळाढवळ करत नाहीत.

मी पहिली पाहणी करायला गेलो तेव्हा सुधीरने मला शेडमध्ये बसवून, चहा देऊन, खरी अडचण सांगितली. विमानतळाला प्रवासी विमानांचा परवाना हवा होता. त्यासाठी दिल्लीहून परवाना खात्याचे साहेब तपासणीला येणार होते. परवाना मिळाला तर विमानतळ राहील आणि सुधीरची नेमणूक कायम होईल. नाही मिळाला तर जागा दुसऱ्या कशाला तरी जाईल आणि सुधीर परत तरण तलावावर.

"आणि अडलंय ते पक्ष्यांवर," तो म्हणाला. "बघा."

मी बघितलं. धावपट्टीवर बगळे होते, घारी होत्या, कावळे तर सभाच भरवून बसले होते. विमानांपेक्षा त्यांचंच येणं-जाणं नियमित होतं. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, डोक्यावर टॉवेल टाकून, हातात सोन्याचे जाड गोठ घातलेली एक बाई झाडूने जवळा, म्हणजे ती बारीक कोलंबी, पसरत होती.

त्या सगुणा मावशी. जुन्या गावच्या. धावपट्टी झाली ती त्यांच्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या जमिनीवर. मोबदल्यात मिळालेल्या प्लॉटवर त्यांच्या तीन इमारती उभ्या आहेत आणि आमच्या बँकेचे दोन मॅनेजर त्यांचे भाडेकरू आहेत, हे मला नंतर कळलं. तोवर मी त्यांना गरीब समजून बोलत होतो.

"मावशी, ही धावपट्टी आहे हो."

"मना म्हाईत हाय. तिच्या खाली आमचा खला हाय, जवला सुकवाचा. तुमी वरचा बगा, मी खालचा बगते."

"पण विमान येईल ना."

"येतं ना सकालचे. चाय पितं नि जातं. मंग मी जवला टाकते. विमानवाला पन घेऊन जातो पाव किलो."

"बाजारात मिळतो की सुका जवळा."

मावशींनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशा नजरेने आम्ही बँकेत खोट्या सहीकडे बघायचो. "बाजारचा तुमी खा," त्या म्हणाल्या.

आता तिथे उभा असताना मला जे सुचलं, ते सुचायला घरात वाळवणं होणारी बायको असावी लागते. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर गेल्या वर्षी सौरऊर्जेची पॅनेलं बसली. वीजबिल उतरलं, पण वाळवणाला जागा उरली नाही. ऐन वैशाखात ए विंगच्या चिकवड्या आणि बी विंगच्या कुरडया घराघरांत पंख्याखाली वाळत होत्या आणि त्यावरून घराघरांत धुमसत होतं. आणि वाळवण म्हटलं की काय येतं? राखण येते! एका बाजूला पापड, दुसऱ्या बाजूला काठी घेतलेली बाई. कावळा येऊन बघू दे. मी मनात मांडणी केली. बायकांना ऊन हवंय, विमानतळाला ऊन नको आहे. विमानतळाला पक्षी नकोत, बायका पक्षी टिकू देत नाहीत. जवळ्याच्या जागी कुरडया आल्या तर एक छदामही न खर्चता सगळ्या धावपट्टीची राखण होते.

सुधीरने ऐकून डोकं खाजवलं. मग म्हणाला, "साडूभाऊ, नियमात बसणार नाही."

"नियमात जवळा बसतो का?"

सकाळचं विमान गेल्यावर बायका येतील आणि त्याने सांगितलं की दहा मिनिटांत सगळं उचलतील, या अटीवर तो तयार झाला. सगुणा मावशींनी मात्र सहजासहजी जागा सोडली नाही. "मी जवला माज्या गच्चीवर नेते. पन पयला घाणा मना. प्रत्येक बाईचा," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, एकच वाटी. त्या म्हणाल्या, डबा. शेवटी डब्यावर तुटलं. तो डबा केवढा, हे ठरवायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी मावशी पाण्याच्या पिंपाएवढा डबा घेऊन आल्या.

*

आणि योजना यशस्वी झाली, हेच माझं दुर्दैव.

चार-पाच दिवसांत धावपट्टीवर पक्षी औषधाला उरला नाही. पस्तीस-चाळीस बायका, प्रत्येकीच्या हातात काठी, छत्र्यांवर काळ्या फिती बांधलेल्या. घारी दुरूनच वळसा घालून खाडीकडे जायच्या. बायकांचं वाळवण झालं, गप्पा झाल्या, शिवाय "मी विमानतळावर असते" असं फोनवर सांगता येऊ लागलं, हा फायदा वेगळाच. स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली. पक्षीमुक्त विमानतळाचा अभिनव प्रयोग. फोटो आला. फोटोत मध्यभागी सुधीर, वॉकीटॉकीसकट. उजवीकडे कोपऱ्यात एक कोपर होतं. ते माझं.

मी ते कात्रण घेऊन सोसायटीभर फिरलो. "ही कल्पना मुळात माझी," मी सांगायचो. लोक म्हणायचे, हो का. दूधवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं. अण्णांना फोन करून सांगितलं.

"असेल, असेल," अण्णा म्हणाले. "पण अंमलबजावणी महत्त्वाची, बंडोपंत."

मग मी ठरवलं, आता पुढची सुधारणा अशी करायची की ज्यात अंमलबजावणीही माझी. संधी लगेच आली, कारण ए विंग आणि बी विंगचं भांडण जुंपलं.

मुद्दा होता धावपट्टीचा मधला भाग. तिथे फाटकाकडची धूळ येत नाही आणि शेडची सावलीही पडत नाही. तो कोणाचा? ए विंगच्या पुढारी संघमित्राताई. मंत्रालयातून निवृत्त झालेल्या, त्यामुळे साधं "मीठ कमी आहे" हेही त्या ठरावाच्या भाषेत बोलतात. बी विंगची पुढारी सरोजिनी.

"बंडूभाऊ," संघमित्राताई म्हणाल्या, "सचिवांची पत्नी बी विंगमध्ये राहते म्हणून मधली जागा बी विंगला, हा पायंडा चुकीचा आहे."

"पायंडा कसला?" सरोजिनी म्हणाली. "तुमच्या चिकवड्या साबुदाण्याच्या. त्या सावलीतपण वाळतील. कुरडईला कडक ऊन लागतं. गव्हाचा चीक आहे तो."

"म्हणजे साबुदाणा दुय्यम?"

"मी म्हटलं का तसं? पण तुम्हालाच तसं वाटत असेल तर..."

मी दोघींना थांबवलं. मी निःपक्षपाती माणूस आहे. मी विटेचा तुकडा घेतला आणि शेडच्या भिंतीवर आकृती काढून दाखवली. ए विंगचा पट्टा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरका. बी विंगचा पट्टा त्या कोपऱ्यातून या कोपऱ्यात तिरका. दोन्ही सारख्या लांबीचे. मधोमध एकमेकांवरून जाणार, म्हणजे मध्याचा मान दोघींना. वर कोणाचा पट्टा, तर एक दिवस ए, एक दिवस बी. अंथरायला गणपतीच्या मंडपाचं पांढरं कापड सोसायटीच्या खोलीत पडलेलंच होतं, मोठमोठ्या गुंडाळ्या. रंगीत चादरी नकोत असं सरोजिनीच म्हणाली, ओल्या चिकाला रंग लागतो.

संघमित्राताईंनी आकृती बराच वेळ बघितली. "न्याय्य आहे," त्या म्हणाल्या. आयुष्यात माझ्या एखाद्या कामाला मिळालेला तो सर्वोच्च शेरा होता.

ही मांडणी उद्यापासून सुरू करायची असं ठरलं, आणि संध्याकाळी सुधीरचा फोन आला.

"साडूभाऊ, साहेब उद्या येतायत. दुपारी. गाडीने. उद्या धावपट्टीवर एक पापडसुद्धा दिसता कामा नये."

मी सरोजिनीला सांगितलं. ती ओट्याशी होती. "साहेबांनी मला विचारून तारीख ठरवली का?" ती म्हणाली. "तीन दिवस गहू भिजलेत. आज वाटून चीक काढलाय. सकाळी शिजवून सोऱ्यातून काढला नाही तर आंबेल. बी विंगच्या घराघरांत पातेली भरलीयेत. दिल्लीला फोन करून सांगा, चीक थांबत नाही म्हणावं."

आता इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? शहाण्या माणसाला साडू नसता. सुधीर नाही म्हणाला होता, एवढ्यावरूनच मला हो म्हणावंसं वाटलं. साहेब दुपारी येणार. कुरडया सकाळी घातल्या तर बाराला उचलता येतील. समितीचा सचिव म्हणून मी परवानगी दिली. आणि बी विंगला दिली म्हटल्यावर ए विंगला द्यावीच लागली.

*

सकाळी सुधीर हार-गुच्छ घेऊन, सगळा कर्मचारीवर्ग बरोबर घेऊन, महामार्गाच्या वळणावर साहेबांच्या गाडीची वाट बघायला गेला. सगळा कर्मचारीवर्ग म्हणजे वायरलेसवाला. जाताना मला म्हणाला, "शेडमध्ये बसा, पण वायरलेसला हात लावू नका हं." लहान मुलाला गॅसबद्दल सांगतात तसं.

तो नजरेआड झाला आणि रिक्षा, टेम्पो, स्कूटर अशा मिळेल त्या वाहनाने दोन्ही विंगा आल्या. कापड उलगडलं, कोपऱ्यांना दगड ठेवले. त्या दिवशी वर बी विंग होती. तासाभरात दोन्ही पट्टे कुरडयांनी आणि चिकवड्यांनी भरले. सगुणा मावशी डबा घेऊन येऊन बसल्या होत्या. मी शेडच्या दारात खुर्ची टाकून हे सगळं बघत होतो आणि समाधानी होतो. हातांची खुर्ची होती ती, सुधीरची.

शेडमध्ये वायरलेस खरखरला. मग त्यातून कुणीतरी इंग्रजीत बोलू लागलं. विचारत होतं. पुन्हा विचारत होतं. मी तिकडे बघितलं. हात लावू नका असं मला सांगितलं होतं. मी स्वाभिमानी माणूस आहे. मी नाही लावला.

मग खाडीच्या बाजूने एक छोटं विमान आलं. ते खाली खाली आलं, धावपट्टीवरून गेलं, वर उठलं, वळलं आणि पुन्हा आलं. बायका उठून उभ्या राहिल्या. ए विंगने हात हलवले. बी विंगने काठ्या हलवल्या. दुसऱ्या खेपेला ते इतकं खालून गेलं की त्याच्या वाऱ्याने संघमित्राताईंच्या चिकवड्या उडाल्या आणि सरोजिनीच्या कुरडयांवर जाऊन पडल्या. इतक्या दिवसांत त्या विमानतळावरून पहिल्यांदा एवढं काही उडालं. मग विमान वर गेलं, लहान झालं आणि दिसेनासं झालं.

"सलामी देऊन गेलं," मी बायकांना म्हणालो.

पाच मिनिटांनी फोन वाजला. सुधीर. आवाज अगदी शांत होता, आणि शांत सुधीर मी त्याआधी एकदाच ऐकला होता, त्याच्या लग्नात जेवण संपलं तेव्हा.

"साडूभाऊ, साहेब गाडीने नाही आले. विमानाने आले. आत्ता आले होते. उतरले नाहीत."

"अरेरे. का?"

"धावपट्टीवर काय आहे?"

"काही नाही. थोड्या कुरडया."

"कशा घातल्यात?"

"समान. कुणावर अन्याय नाही."

"आकार कसा आहे, साडूभाऊ?"

मी भिंतीवरच्या आकृतीकडे बघितलं. मग म्हटलं, "तू ये."

तो आला. शिडी लावून शेडवर चढला आणि मलाही वर बोलावलं. तिथून मी माझं काम पहिल्यांदा उंचावरून बघितलं. काळ्या धावपट्टीवर, ठसठशीत, पांढरीशुभ्र, चारी हात सारखे असलेली प्रचंड फुली.

"पांढरी फुली," सुधीर म्हणाला, "म्हणजे धावपट्टी बंद आहे, उतरू नका. सगळ्या जगात. अक्षय्य तृतीयेला तेच सांगत होतो."

खालून संघमित्राताईंचा आवाज आला, "सचिव, आमचे नुकसान झाले आहे, त्याची नोंद व्हावी!"

मी काय बोलणार? रेखीव झाली होती एवढं मात्र खरं.

*

साहेबांचा अहवाल आठवड्याने आला. त्यात लिहिलं होतं की या विमानतळावरील सर्व खुणा पुसट व नियमबाह्य असून, धावपट्टी बंद असल्याची खूण तेवढी आकार, रंग आणि प्रमाण या तिन्ही दृष्टींनी निर्दोष आहे. मी ते वाक्य चारदा वाचलं. माझ्या कामाची दिल्लीत नोंद झाली होती, पण नावाशिवाय.

पुढे सरकारी गुंता असा झाला. विमानतळ बंद असल्याचं साहेबांनी नोंदवलं होतं. तो उघडायचा तर बंद केल्याच्या आदेशाचा क्रमांक आणि कारण हवं. पण बंद कुणी केलाच नव्हता, त्यामुळे आदेश नव्हता, त्यामुळे तो उघडताही येईना. पालिकेतल्या कारकुनाने सुधीरला समजावलं, "साहेब, आधी रीतसर बंद करा हो, म्हणजे रीतसर उघडता येईल." कुणीतरी सही करून सांगायला हवं होतं की ही फुली मी मारली.

पुढचे दोन दिवस मला झोप नव्हती. सुधीर माझं नाव लिहिणार, हे उघड होतं. मी त्याच्या जागी असतो तर ठळक अक्षरांत लिहिलं असतं, खाली रेघ मारून.

त्याने लिहिलं, "देखभालीच्या कारणास्तव धावपट्टी माझ्या आदेशाने बंद करण्यात आली होती." खाली त्याची सही. कुरडयांचा उल्लेख नाही. समितीचा नाही. माझा नाही.

परवान्याच्या तपासणीच्या दिवशीच देखभाल काढणारा व्यवस्थापक म्हणून त्याचा कार्यभार काढून घेण्यात आला. परवाना पुढे ढकलला, दिवाळीनंतर बघू म्हणे. सुधीर तरण तलावावर परत गेला. पितळी पाटी उतरली, पिवळा दिवा गेला, वॉकीटॉकी जमा झाला. मी त्याच्या जमेचा रकाना काढून एकेक बाब खोडत गेलो. शेवटी उरली खुर्ची. म्हटलं, आता ती परत आली.

अण्णांच्या वाढदिवसाला मी चपला फारच सावकाश काढल्या. सुधीर आधीच येऊन स्टुलावर बसला होता. केसांना क्लोरीनचा वास. अण्णांनी खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं. मी वळलो, पण या वेळी गुडघे वाकवले नाहीत, अनुभवाने माणूस सावध होतो.

"सुधीरराव, उठा," अण्णा म्हणाले. "इथे बसा."

"अहो अण्णा, आता कुठला विमानतळ?" सुधीर लाजून म्हणाला.

"विमानतळाला काय करायचंय? सगळं समजलं मला, कचेरीत माझी माणसं आहेत अजून. कुणाची तरी चूक तुम्ही आपल्या सहीने अंगावर घेतलीत. मी छत्तीस वर्षं नोकरी केली, असा माणूस बघितला नाही. या खुर्चीतला साहेब तर दुसऱ्याच्या अंगावर ढकलायचा. बसा."

आणि सुधीर बसला. जागृतीचे डोळे भरून आले. सरोजिनीने पदराला हात पुसत त्याच्यापुढे पहिली वाटी ठेवली. श्रीखंडाची.

मला राहवलं नाही. म्हणजे आता बंद पाडण्याचं श्रेयही यालाच? मी उभा राहिलो. "ती फुली माझी होती!" मी म्हणालो. "मांडणी माझी, परवानगी माझी. कुणाची तरी म्हणजे माझी. सुधीरने त्यात काहीसुद्धा केलेलं नाही!"

अण्णांनी चष्मा काढून पुसला.

"बसा बंडोपंत," ते म्हणाले, अगदी मायेने. "पक्ष्यांच्या वेळीही तुम्ही हेच म्हणत होता. प्रत्येक गोष्ट आपली म्हणायची सवय बरी नव्हे."

"खरंच माझी होती! सरोजिनी, सांग ना!"

सरोजिनीने माझ्याकडे बघितलं, मग सुधीरकडे, मग खुर्चीकडे. त्या दिवशी वरचा पट्टा बी विंगचा होता हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? "अहो, पुरे आता," ती म्हणाली. "श्रीखंड घ्या."

"साडूभाऊ, असू दे," सुधीर म्हणाला, आणि वाकून माझ्या वाटीत आपल्या वाटीतलं वाढलं.

तेव्हा शेवटचा हिशेब असा. संघमित्राताईंच्या चिकवड्या गेल्या. सरोजिनीच्या कुरडयांत साबुदाणा निघतो, तळताना तडतडतो. सगुणा मावशींचं काही गेलं नाही. पिंपभर पापड त्यांच्या घरात आहेत, धावपट्टी बंद आहे आणि तिच्यावर पुन्हा जवळा वाळतोय. बगळेही परतले. सुधीरने विमानतळ दिला आणि खुर्ची घेतली, वर सोसायटीतल्या निम्म्या पोरांना उन्हाळी पोहण्याचे पास दिल्यामुळे दोन्ही विंगांत त्याचं नाव निघतं. माझ्या रकान्यात मात्र काहीच पडलं नाही, इकडेही नाही आणि तिकडेही नाही. अख्खा विमानतळ मी एकट्याने, एका सकाळी, दिल्लीने वाखाणावं इतका निर्दोष बंद पाडला, आणि भरपाई केली साडूने, पावतीही फाटली साडूच्याच नावाने.